राक्षसाला वकील कशाला?

गिलेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकाचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ २०२५च्या अखेरीस घरोघरी पोहोचला आणि नाशिकच्या चित्रपटप्रेमी मंडळींमध्ये एक जुना वाद नव्याने सुरू झाला. गंगापूर रोडवरच्या कट्ट्यांवर आणि घरगुती चित्रपटमंडळांच्या बैठकांमध्ये त्याची दोन ठरावीक रूपे ऐकायला मिळतात. एका बाजूचे म्हणणे असे की भुतेखेते, राक्षस आणि पऱ्या हा शेवटी पोरखेळ आहे. त्यात तीन दशके घालवणारा माणूस कितीही कसबी असला तरी त्याची गणना गंभीर दिग्दर्शकांमध्ये करता येणार नाही. दुसरी बाजू त्याचा बचाव करते, पण तो कसा? ‘अहो, हा भयपट नाहीच मुळी, हा फॅसिझमवरचा, परकेपणावरचा, बापलेकाच्या नात्यावरचा चित्रपट आहे,’ असे सांगून. पहिली बाजू राक्षसाला दारातच अडवते. दुसरी त्याला सभ्य कपडे चढवून, भलत्याच नावाने आत घेते. राक्षस राक्षस म्हणून दोघांनाही नको आहे. माझे मत असे की देल तोरोचा बचाव करण्याची ही पद्धत त्याच्यावरच्या टीकेपेक्षाही अधिक अन्यायकारक आहे. त्याच्या कामाचे बळ त्याच्या राक्षसांच्या सदेहपणात आहे. त्यांना वजन आहे, कातडी आहे, भूक आहे. अर्थ येतो तो त्या देहातून आणि देहाच्या मागाहून. जिथे हा क्रम उलटतो तिथे त्याचा चित्रपट पडतो, आणि तसेही घडलेले आहे.

त्याच्या कारकिर्दीची सुरुवात पाहिली तर हा क्रम अपघाताने आलेला नाही हे कळते. १९६४ साली ग्वादालाहारा शहरात जन्मलेला हा माणूस दिग्दर्शक होण्याआधी रंगभूषाकार होता. हॉलिवूडमधले नामवंत रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्याकडून त्याने विद्या घेतली, मेक्सिकोत स्वतःची ‘नेक्रोपिया’ नावाची कंपनी काढली आणि दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी जखमा, मुखवटे आणि प्रेते घडवण्यात उमेदीची वर्षे घालवली. पहिला चित्रपट ‘क्रोनॉस’ १९९३ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि तिथे त्याला पारितोषिक मिळाले. त्यात एक म्हातारा जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे. एका यांत्रिक किड्याच्या डंखाने त्याला तारुण्य परत मिळू लागते आणि त्याबरोबर रक्ताची तहानही लागते. नववर्षाच्या मेजवानीत कोणाचे तरी नाक फुटते, स्वच्छतागृहाच्या संगमरवरी फरशीवर रक्ताचे थेंब पडतात, आणि हा सुसंस्कृत, टापटिपीचा, नातीवर जीव टाकणारा आजोबा चांगल्या कपड्यांनिशी फरशीवर आडवा होऊन ते रक्त जिभेने चाटतो. या प्रसंगाचा ‘अर्थ’ काय, असे विचारणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. व्यसन म्हणा, म्हातारपण म्हणा, मरणाची भीती म्हणा, सगळे बसते. पण ते सगळे नंतर सुचते. त्या क्षणी पोटात कालवते ते फरशीच्या थंडपणामुळे आणि त्या माणसाच्या उघड्या लाजेमुळे. चित्रपट ज्याला म्हणतात तो इथे घडतो, त्याच्यावरच्या टिपणात घडत नाही.

बचाव करणाऱ्यांचा सर्वांत बळकट पुरावा अर्थातच २००६चा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ आहे. काळ १९४४चा, यादवी युद्ध संपून फ्रँकोची राजवट घट्ट बसलेला स्पेन. कॅप्टन विदाल या क्रूर अधिकाऱ्याची सावत्र मुलगी ओफेलिया एका अद्भुत जगात तीन कामगिऱ्या पार पाडते. दुसऱ्या कामगिरीत ती एका दालनात शिरते. पदार्थांनी ओसंडणाऱ्या मेजाच्या टोकाशी एक फिकट, डोळे नसलेला प्राणी निश्चल बसलेला असतो. त्याची कातडी अंगावरून लोंबते आहे, डोळे समोरच्या बशीत आहेत, भिंतींवर तो मुले खात असल्याची चित्रे आहेत आणि कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटांचा ढीग आहे. ‘काहीही खाऊ नकोस’ अशी ताकीद असताना ओफेलिया दोन द्राक्षे खाते. (द्राक्षांचा मोह काय असतो, हे नाशिककरांना समजावून सांगायला नको.) प्राणी डोळे उचलून तळहातांत बसवतो आणि तिच्या मागे लागतो. आता बचाव करणारे म्हणतात की हा प्राणी म्हणजे सत्ता, हा प्राणी म्हणजे चर्च. बघा, विदालच्या मेजवानीतही मेजाची मांडणी तशीच आहे, तिथेही पाद्री बसला आहे आणि लोकांच्या शिधापत्रिकांवर कात्री लावण्याची बोलणी चालली आहेत. हे निरीक्षण अचूक आहे, हे मी मान्य करतो. एवढेच काय, खुद्द देल तोरोनेही दुबळ्यांवर पोसल्या जाणाऱ्या सत्तासंस्थांचे रूप म्हणून या प्राण्याकडे बोट दाखवले आहे. मग माझा मुद्दा कोलमडतो का?

मला तसे वाटत नाही. चर्च आणि हुकूमशाही यांच्या संगनमतावर शेकडो चित्रपट निघाले आहेत आणि त्यांतले बहुतेक आपण विसरलो आहोत. हा प्राणी मात्र ज्याने एकदा पाहिला तो विसरत नाही. जर त्याचे सगळे मोल त्याच्या अर्थात असते, तर तोच अर्थ असलेले बाकीचे चित्रपटही आपल्या लक्षात राहिले असते. तो लक्षात राहतो कारण तो बनवला आहे, घडवला आहे. डग जोन्स हा नट त्या मुखवट्याच्या नाकपुड्यांच्या भोकांतून बाहेर पाहत होता. त्या प्राण्याची अडखळती, चाचपडती चाल काही अंशी त्या अडचणीतून जन्मलेली आहे. पेठ, सुरगाणा भागातला बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच पटेल. रावणाचे किंवा त्राटिकेचे सोंग घेतलेल्या माणसाला मुखवट्यातून नीट दिसत नाही, मुखवट्याचे ओझे मानेवर असते, सांबळाच्या ठेक्यावर तो एका वेगळ्याच तोलाने नाचतो, आणि त्या तोलातूनच गर्दीतल्या पोराला वाटते की हा आपल्या गल्लीतला माणूस नव्हे. सोंग म्हणजे अमुक एका प्रवृत्तीचे प्रतीक, असे त्या पोराला कोणी सांगितले तर ते सांगणाऱ्याकडे बघतच राहील. त्याला सांगितलेले खोटे नाही. फक्त त्याने जे पाहिले त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

राक्षसाला सभ्यतेच्या नावाखाली हाकलण्याचा किंवा सुधारून घेण्याचा हा खटाटोप आपल्याला नवा नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि त्यानंतरची काही दशके मराठी रंगभूमीवर ‘देवपार्टी’ आणि ‘राक्षसपार्टी’ यांचे राज्य होते. राळ उडते आहे, आरोळ्या ठोकत राक्षस प्रवेश करतो आहे, पुढे बसलेली माणसे मागे सरकत आहेत, असा तो प्रकार. पुढे इंग्रजी शिकलेला वर्ग आला, छापील संहितेची ‘बुकिश’ नाटके आली आणि त्या जुन्या खेळांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले जाऊ लागले. त्या बदलातून आपल्याला पुष्कळ मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांची रंगभूमी त्याशिवाय उभी राहिली नसती. पण त्या घाईत एक किंमत मोजली गेली, आणि तिचा हिशोब आपण कधी मांडलेला नाही. भीती आणि अचंबा या दोन भावना ‘अडाण्यांच्या’ खात्यात टाकल्या गेल्या आणि गंभीर कलेने त्यांच्याशी संबंध ठेवू नये असा संकेत रूढ झाला. मराठी साहित्यात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा-गूढकथांना वाचक उदंड मिळाले, पण त्यांना साहित्याच्या मुख्य इमारतीत खोली द्यावी की अंगणात खाट टाकून द्यावी, याबद्दल समीक्षकांची चुळबुळ दीर्घकाळ चालू राहिली. देल तोरोविषयीचा आजचा वाद त्याच चुळबुळीचे पुढचे पान आहे.

आणि नाशिकने तर हा वाद घालताना जरा जपून बोलावे, कारण भारतीय चित्रपटाचा पाया ज्या माणसाने घातला तो त्र्यंबकेश्वरात जन्मलेला आणि नाशिकमध्ये वारलेला माणूस जादूगार होता. दादासाहेब फाळके यांनी आपल्याच आडनावातली अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले होते. छायाचित्रण, मुद्रण, जादू हे सगळे हात फिरवून झाल्यावर ते चित्रपटाकडे आले. पहिला चित्रपट मुंबईत काढून १९१३ साली त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला आणि इथे आल्यावर कशावर चित्रपट काढला? भस्मासुरावर. पुढे १९१७ साली लंका जळाली आणि १९१९ साली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्यात कालियाशी झुंजली. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचे स्मारक आहे. भाषणांमध्ये त्यांचा उल्लेख स्वदेशीचे पुरस्कर्ते, जिद्दीचे उद्योजक, ‘चित्रपटसृष्टीचे जनक’ असा होतो. हे सारे खरेच आहे. पण असुर, नाग, उडते वानर आणि गायब होणारी माणसे पडद्यावर आणण्याचे वेड त्यांना होते, आणि त्या वेडातूनच बाकी सगळे निघाले, हे सांगताना आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते. फाळक्यांना आपण देशभक्त म्हणून स्वीकारले, केळफा म्हणून नाही. देल तोरोच्या बाबतीत नेमके तेच चालले आहे.

इथपर्यंतचा विरोध सोपा होता. खरा अवघड आक्षेप वेगळीच मंडळी घेतात, आणि महाराष्ट्रात राहून त्याला बगल देता येत नाही. विवेकवादी चळवळीतले माझे काही स्नेही म्हणतात की भुतांना पडद्यावर सदेह उभे करणे हे ज्या समाजात भूत अजून पुरते मेलेले नाही तिथे निरुपद्रवी नसते. करणी, भानामती, अंगात येणे हे आपल्या भोवतीच आहे. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात एखाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या अजूनही वाचायला मिळतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतरच अस्तित्वात आला. अशा भूमीत ‘राक्षसाला खरा माना’ असे सांगणारा लेख हा बेजबाबदार चैनीचा प्रकार नव्हे काय? या आक्षेपाला आणखी बळ देणारी गोष्ट मीच सांगतो. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये पडद्यावर राम अवतरला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवत, असे वर्णन सर्वत्र आढळते. राम झालेले अण्णा साळुंकेच त्या चित्रपटात सीताही झाले होते, तरीही. जादूगाराने हातचलाखी केली आणि लोकांनी तिला दर्शन मानले. पडद्यावरच्या देहाची ताकद अशी असेल, तर पडद्यावरच्या भुताची ताकद नाकारायची कशी?

ती मी नाकारत नाही. पण अंधश्रद्धा कशी काम करते ते नीट पाहू. तिला आरोपी लागतो, आणि त्या आरोपीला पत्ता लागतो. डाकीण ठरवायला शेजारीण लागते, करणी ठरवायला भाऊबंद लागतो, आणि ठरवून देणाऱ्या भगताची दक्षिणा लागते. ती अदृश्यावर जगते. जे दिसत नाही ते ‘मला दिसते’ असे सांगणारा एक मध्यस्थ तिच्या मुळाशी असतो. भयपटात या तिन्ही गोष्टी नसतात. राक्षस सर्वांना सारखाच दिसतो, तो कोणाच्या गल्लीत राहत नाही, आणि शेवटी पडद्यावर त्याचा मुखवटा कोणी घडवला त्यांची नावे येतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी ‘चमत्कार’ करून दाखवतात, नारळातून करणी काढतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडतात. त्यांनी जादूगाराची कला टाकून दिलेली नाही, बुवाच्या हातून काढून घेतली आहे. देल तोरोच्या बाबतीत तर हा मुद्दा तर्कावर सोडण्याचीही गरज नाही, कारण २०२१ साली त्याने ‘नाइटमेअर ॲली’ काढला. त्या चित्रपटात एकही भूत नाही. जत्रेच्या तंबूत सांकेतिक शब्दांच्या आधारे ‘मन वाचण्या’ची विद्या शिकलेला एक देखणा भामटा आहे. त्याला ती शिकवणारा म्हातारा बजावून ठेवतो की लोकांची करमणूक कर, पण मेलेल्यांशी बोलणे करून देतो असे कोणाला कधी सांगू नकोस. तो सांगतो. शोकाने वेड्या झालेल्या श्रीमंतांना तो त्यांची मेलेली माणसे ‘भेटवतो’ आणि शेवटी जत्रेतल्या सर्वांत हीन जागी येऊन पोहोचतो. बुवाबाजीची शरीरक्रिया इतक्या बारकाईने उलगडणारे चित्रपट आपल्याकडे किती निघाले? ज्या दिग्दर्शकाने आयुष्यभर भुते घडवली त्यालाच ती विकणाऱ्याचा इतका राग का यावा, हा प्रश्न आमच्या विवेकवादी मित्रांनी स्वतःला विचारावा.

त्याचे एक उत्तर त्याच्या बालपणात आहे. कट्टर कॅथलिक आजीने नातवाच्या डोक्यातली राक्षसांची चित्रे पाहून त्याच्यावर तीर्थ शिंपडून भूतबाधा उतरवण्याचा प्रयत्न केला होता, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. म्हणजे ‘याच्यात काहीतरी शिरले आहे’ असे ठरवणाऱ्यांच्या बाजूला तो कधी नव्हताच. ज्याच्याबद्दल ते ठरवले जाते त्याच्या बाजूला होता. २०२२च्या ‘पिनोकियो’मध्ये, मुसोलिनीच्या इटलीत, लाकडी मुलगा क्रूसावरच्या येशूकडे पाहून बापाला विचारतो की हाही लाकडाचाच आहे, मग लोक याच्यावर प्रेम करतात आणि माझ्यावर का नाही? ‘पॅन्स लॅबिरिंथ’मध्येही अद्भुत खरे की मुलीच्या मनाचे खेळ, हे तो चतुराईने तोलून धरतो. चक्रव्यूहात ओफेलिया बोलत असते तेव्हा विदालला तिच्यासमोर कोणीच दिसत नाही. पण मग कोंडून ठेवलेली मुलगी बंद खोलीतून त्याच्या खोलीत आलीच कशी? भिंतीवर खडूने दार काढून. तो खडूचा तुकडा विदालच्या मेजावर राहतो आणि तो विदालच्या हातात येतो. ‘लंकादहन’च्या प्रेक्षकाला वहाणा काढायला लावणारी निश्चिती इथे नाही, इथे हातात खडूचा तुकडा आहे आणि त्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे आहे.

दुसरा आक्षेप इतिहासाविषयीचा आहे. स्पेनच्या यादवी युद्धात माणसे खरोखर मेली. त्यांच्या थडग्यांवर परीकथेचे रोषणाईचे दिवे लावण्याचा अधिकार एका मेक्सिकन दिग्दर्शकाला कोणी दिला? हा आक्षेप ‘क्रिम्सन पीक’सारख्या चित्रपटाबाबत केला असता तर मी गप्प बसलो असतो, त्या २०१५च्या चित्रपटात लाल माती गाळणारे घर इतके सजवले आहे की त्यात राहणारी माणसे फर्निचरसारखी वाटतात. पण २००१चा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ पाहा. युद्धाच्या शेवटच्या काळातला एक अनाथाश्रम, अंगणात रुतलेला न फुटलेला बॉम्ब, आणि तळघरातल्या हौदात बुडवलेला सांती नावाचा मुलगा. त्या मुलाच्या भुताच्या फुटलेल्या कपाळातून रक्त खाली ओघळत नाही. ते हवेत वर तरंगत जाते, पाण्यात गेले असते तसे, कारण तो अजून त्या पाण्यातच आहे. हा तपशील रोषणाईचा नाही. ज्यांचे देह सापडले नाहीत, ज्यांचे मरण नोंदले गेले नाही, अशा माणसांच्या मरणाचा काळ थांबून राहतो, हे कोणत्याही इतिहासग्रंथापेक्षा त्या वर जाणाऱ्या रक्ताने मला जास्त नेमके सांगितले. खुद्द देल तोरोच्या वडिलांचे मेक्सिकोत खंडणीसाठी अपहरण झाले होते आणि सुटकेनंतर त्याला देश सोडावा लागला. हिंसा म्हणजे काय हे त्याला कल्पनेने शोधावे लागलेले नाही.

हॉलिवूडच्या पैशाचा मुद्दा मी लवकर आटोपतो. ‘ब्लेड २’, ‘हेलबॉय’, ‘पॅसिफिक रिम’ हे चित्रपट धंद्यासाठी आणि स्पॅनिश चित्रपट कलेसाठी, अशी वाटणी करणाऱ्यांनी ‘हेलबॉय’ पुन्हा पाहावा. कपाळावरची शिंगे रोज घासून बोथट करणारा तो लाल सैतान त्याच्या कोणत्याही ‘गंभीर’ पात्राइतकाच केविलवाणा आणि जिवंत आहे. उलट १९९७च्या ‘मिमिक’मध्ये निर्मात्यांच्या ढवळाढवळीने चित्रपट त्याच्या हातून गेला, ‘हॉबिट’वर दोन वर्षे राबून २०१० साली तो बाहेर पडला, आणि अंटार्क्टिकावरच्या भयकथेचे त्याचे जुने स्वप्न प्रौढांपुरते प्रमाणपत्र आणि मोठा खर्च यांच्या कचाट्यात अडकले. पैशाने त्याला विकत घेतले असते तर ही यादी इतकी लांबली नसती.

राहतो तो तिसरा आक्षेप, आणि माझ्या मते तोच सर्वांत भारी आहे. देल तोरोच्या जगात राक्षस निष्पाप असतो आणि माणूस नीच. हे समीकरण एकदा कळले की पुढचे सगळे कळते. मग ही परीकथा तरी कशाने थोर? इथे आधी काही दुरुस्त्या करायला हव्यात. ‘द डेव्हिल्स बॅकबोन’मधला खुनी हासिंतो त्याच अनाथाश्रमात वाढलेला पोर आहे, त्याच्या क्रौर्याला भूक आणि अपमान यांचा इतिहास आहे. सांतीचे भूत दयाळू नाही, ते त्याला पाण्यात ओढून नेते. ‘द शेप ऑफ वॉटर’ला २०१८ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले आणि त्याला गोड प्रेमकथा म्हणून मिरवण्यात आले, पण त्यातला जलचर नायिकेच्या शेजाऱ्याच्या मांजराचे डोके खातो, आणि अडवायला गेलेल्या त्या म्हाताऱ्याचा हात फाडून पळून जातो. त्यावर म्हातारा काय म्हणतो? की तो रानटी जीव आहे, तो दुसरे काही व्हावा अशी अपेक्षा आपण कशी करणार? प्रतीक मांजर खात नाही, देह खातो. मात्र त्याच चित्रपटातला स्ट्रिकलंड हा खलनायक पुठ्ठ्याचा आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्याची सडत जाणारी बोटे दिग्दर्शकाने जितक्या मायेने घडवली, तितक्या मायेने त्याचे मन घडवलेले नाही.

आपल्या पंचवटीलाही हा प्रश्न परका नाही. तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचे नाक कापतो आहे असा देखावा शिल्पात उभा आहे. सहलीला आलेली शाळकरी पोरे त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. राक्षसी प्रेम मागायला आली, तिची थट्टा झाली, ती चवताळून सीतेवर धावली आणि तिचे अवयव कापले गेले. यातला ‘सीतेवर धावली’ हा तुकडा गाळला की शूर्पणखा नुसती बिचारी उरते, आणि ‘थट्टा झाली’ हा तुकडा गाळला की ती नुसती दुष्ट उरते. दोन्ही तुकडे एकत्र धरून तिच्याकडे पाहणे जड जाते. कथा सांगणारा किती मोठा, हे तो ते जडपण पेलतो की नाही यावर ठरते. देल तोरोने ‘क्रोनॉस’मध्ये ते पेलले: रक्त चाटणारा तो आजोबा शेवटी नातीच्या तळहातावरच्या जखमेकडे ज्या नजरेने पाहतो, त्यात प्रेम आणि भूक यांची विभागणी करता येत नाही, आणि तो यंत्र फोडतो तेव्हा त्या कृतीला वजन येते ते त्यामुळेच.

‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये मात्र त्याने ते पेललेले नाही, आणि त्याच्यावर टीकाच करायची तर ती इथे करावी. मेरी शेली यांच्या १८१८च्या कादंबरीतला प्राणी एका लहान मुलाचा गळा दाबतो आणि तो खून एका निरपराध मोलकरणीच्या अंगावर ढकलतो. तिला फाशी होते. त्यानंतरही त्याचे दुःख आपल्याला ऐकून घ्यावे लागते, हा त्या कादंबरीचा निर्दय न्याय आहे. देल तोरोने तो खून काढून टाकला. कादंबरीत मारला जाणारा तो लहानगा विल्यम त्याच्याकडे मोठा तरुण आहे, मोलकरणीची फाशी नाही, आणि प्रेमाच्या माणसांचा अंत होतो तो बहुतांशी त्या प्राण्याला घडवणाऱ्या व्हिक्टरच्या हातून किंवा झटापटीत. जहाजावरच्या खलाशांना तो प्राणी मारतो खरा, पण त्या खलाशांना नावे दिलेली नाहीत, त्यामुळे ते मेल्याचे कोणाला फारसे वाटत नाही. जेकब एलॉर्डीने तो देह विलक्षण उभा केला आहे. शिवलेली कातडी, लांबलचक हातपाय, पहिला शब्द उच्चारतानाची धडपड, सगळे आहे. फक्त त्या देहाला भूक दिलेली नाही. त्याच्या वाट्याला सोसणेच तेवढे आले आहे. पुढे अखेरीस बाप आणि तो समोरासमोर येतात आणि क्षमेची देवाणघेवाण होते, तेव्हा क्षमा मागण्यासारखे त्या प्राण्याने आपल्या डोळ्यांदेखत फारसे काही केलेलेच नसते. कादंबरीतल्या प्राण्याला क्षमा करताना वाचकाचा जीव टांगणीला लागतो. इथे ती आधीच झालेली असते, आणि म्हणून शेवटी डोळ्यांत येते ते पाणी फार स्वस्तात आलेले आहे.